दुपारच्या सात हाका

आमच्या पिरायूत दुपारी बारा ते तीन कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. दुकानं बंद, दारं बंद, पंखे घरघरताहेत आणि पोरं पलंगावर आडवी. जो झोपत नाही त्याला जासी जातेरे उचलून नेतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सोनेरी केसांचं एवढंसं पोर ते, हातात काठी, ऐन उन्हात शिट्टी वाजवत फिरतं आणि ओळखीच्या आवाजात नावानं हाक मारतं. ओ दिलीत की संपलं. म्हणून दुपारी कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, चादर डोक्यावरून ओढून गप पडून राहायचं. मी बालवाडीत एकतीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. माझा विश्वास होता का? अहो, भिंतीवर नकाशे टांगणारी बाई मी, चारचौघांत नाहीच म्हणायचे. पण दुपारी फोन वाजला तरी उचलत नव्हते.

अख्ख्या गावात दुपारी जागी असायची ती एकटी सुनिल्दा.

सुनिल्दा माझी शेजारीण, माझ्या थोरलीची बाप्तिस्म्यातली धर्माची आई. साठी उलटलेली, बुटकी, दंड मात्र पैलवानाचे, कारण चाळीस वर्षं ती चिपाचं पीठ मळत आली. चीज, मांडिओकाच्या कंदाचं पीठ, डुकराची चरबी आणि बडीशेप. हात कोपरापर्यंत पांढरे. सकाळी मातीच्या भट्टीतून चिपाचे कड्याच्या आकाराचे पाव काढायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि हमरस्त्यावर बस थांबली की आत शिरायची. "चिपा! गरम चिपा! दात नसतील त्यांनी चोखा, दात असतील त्यांनी भांडा!" तिचा आवाज बसच्या मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाला उठवायचा आणि त्याला राग यायचा नाही. असला आवाज मी दुसरा ऐकला नाही. खाली जरा खरखर, वर मऊ.

बाराच्या ठोक्याला ती घरी यायची, टोपली पालथी घालायची आणि वेताची खुर्ची घेऊन मागच्या ओसरीवर बसायची. तोंड मागच्या वाटेकडे. ती वाट साठ पावलांवर जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्याशी संपते. भट्टी कधीच बंद पडली, खड्ड्यात मात्र अजून पाणी आहे, वर हिरवी पानं तरंगतात. तीन वाजेपर्यंत ती तिथून हलत नसे आणि डोळाही मिटत नसे. खाटीक एलादियो एकदा म्हणाला, "काय गं सुनिल्दा, पापण्या चोरीला गेल्या की काय तुझ्या?" ती म्हणाली, "तुझ्या तराजूला विचार. तोच डोळे मिटून तोलतो." एलादियो आठवडाभर आमच्याशी नीट बोलला नाही.

तिचा धाकटा भाऊ लहानपणी त्या खड्ड्यात बुडाला होता. एवढं गावाला ठाऊक होतं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती त्याच्या थडग्यावर लहानसं, पक्ष्याच्या आकाराचं चिपा ठेवायची. त्यापुढं कुणी विचारलं नाही, तीही बोलली नाही. मी या गावात लग्न होऊन आले तेव्हा त्या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली होती.

आणि पोरं! आया झोपल्या की पलंगावरून घसरून पळणारी पोरं थेट तिच्याकडे जायची. किंवा खरं सांगायचं तर ती त्यांना पकडायची. त्या वाटेला लागलेलं एकही पोर तिच्या तावडीतून सुटलं नाही. दंडाला धरून ओसरीवर बसवायची आणि गोष्ट सुरू. वाघाला फसवणारा कोल्हा, चंद्रावर थुंकणारा बेडूक, मक्याची आई. तीन वाजले की एकेकाला त्याच्या घरी पोचवायची, "घ्या, चोरीचा माल परत." आया ओशाळायच्या. एक गोष्ट मात्र मी बाई शिक्षिका असल्यामुळे माझ्या लक्षात आली. जासी जातेरेची गोष्ट ती कधीच सांगत नसे. मी विचारलं तर म्हणाली, "ती तुझ्या शाळेतली. तूच सांग."

मग गेल्या वर्षी यानिना आली.

यानिना राजधानीची, आसुन्सिओनची, तिशीची, केस एका बाजूनं भादरलेले, पाठीवर तिच्यापेक्षा मोठी पिशवी. चार माणसांची तिची कंपनी लहान पोरांसाठी टॅबलेटवरच्या परीकथा करत होती. चित्राला बोट लावलं की चित्र जागं होणार, काजव्याला बोट लावलं की रान उजळणार, बेडकाला टोचलं की तो फुगत फुगत फुटणार आणि पोर खिदळणार. गोष्टी आपल्याच मातीतल्या हव्या होत्या, आपल्या घरच्या आणि शाळेच्या, दोन्ही भाषांत. मी निवृत्त होऊन माशा मारत होते, लगेच नऊ गोष्टी लिहून दिल्या. खोटं कशाला बोलू, मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. घरात मी चार दिवस लेखिकेसारखी वावरत होते.

आवाजासाठी सुनिल्दाचं नाव मीच सुचवलं. तिला टॅबलेट दाखवला तेव्हा तिनं कोल्ह्याच्या शेपटीला बोट लावून पाहिलं. कोल्हा दचकला, तीही दचकली.

"म्हणजे मी सांगत असताना पोरं मध्येच बोट खुपसणार?"

"हो, न्या सुनिल्दा," यानिना म्हणाली; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे न्या म्हणतात.

"आणि मी गप्प बसायचं?"

"पोराचं झालं की पुढं सांगायचं."

"मग माझ्या ओसरीवर वेगळं काय होतं?" असं म्हणून ती हसली आणि तयार झाली.

आठ गोष्टी पंधरा दिवसांत झाल्या. तिच्या मागच्या खोलीत आम्ही भिंतींना गाद्या टेकवल्या, कोंबड्या शेजारी पाठवल्या, मध्ये माइक उभा केला. यानिनानं मला यंत्र चालवायला शिकवलं आणि ती शहरात परत गेली. मी कानाला हेडफोन लावून कागद धरायची, सुनिल्दा बोलायची, संध्याकाळी मी सगळं यानिनाला पाठवून द्यायची. अडचण एकच. सकाळी मोटारसायकली, संध्याकाळी शेजारच्या रेडिओवरची पोलका गाणी, बटाटेवाल्याच्या गाडीवरचा भोंगा. गाव गप्प असतं ते फक्त दुपारी. म्हणजे दुपारीच करायचं. मी नाही म्हणणार होते, पण सुनिल्दा म्हणाली, "मी जागीच असते. खिडकीतून वाट दिसू दे, बाकी तुझी झोप तू बघ."

मग नावं आली.

यानिनाची ती मोठी हौस. टॅबलेटवर आई पोराचं नाव लिहिणार आणि गोष्टीतला आवाज त्या पोराला त्याच्या नावानं हाक मारणार. मग टॅबलेट कान देऊन थांबणार, पोर "मी इथंय!" म्हणालं की गोष्ट पुढं. त्यासाठी तीनशे बारा नावांची यादी होती. प्रत्येक नाव तीनदा: एकदा लांबून हाक, एकदा नवलानं, एकदा लाडानं. आणि प्रत्येक हाकेनंतर मनात पाच मोजेपर्यंत गप्प राहायचं, पोराला ओ द्यायला जागा हवी म्हणून.

आता तुम्हीच विचार करा. भर दुपारी, सगळं गाव निजलेलं, आणि एक बाई बंद खोलीत मोठ्यानं पोरांची नावं पुकारतेय. मातीआस! आराम्मी! लुसेरो! आणि प्रत्येक नावानंतर शांतता. त्या शांततेत बाहेरचे रातकिडे, जे दुपारीही थांबत नाहीत, तेही थांबल्यासारखे वाटायचे. मी पहिल्याच दिवशी टेबलाखाली हळूच छातीवर क्रूस काढला.

"काय करतेयस?" सुनिल्दा म्हणाली.

"खाज आली."

"बाई गं, एकतीस वर्षं शाळा शिकवलीस आणि खोटं बोलायला नाही शिकलीस."

तीन दुपारी गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी यानिनाचा फोन आला. "न्या निमिया, काम झकास झालंय. फक्त त्या पोराला तिथून घालवा बघू."

"कुठल्या पोराला?"

"हाकांच्या मधल्या जागेत मागं कुणीतरी पोर बोलतंय. सगळीकडे नाही, पण कालच्या बऱ्याच नावांत आहे. पुसायला गेले तर न्या सुनिल्दांचा आवाजही जातो."

खोलीत पोर नव्हतं. मी दार आतून लावून घेत होते. म्हटलं, रस्त्यावरचं असेल. फोन ठेवला, हेडफोन लावले आणि कालचं ऐकायला बसले. बेंहामीन, पाच. काही नाही. नाइआरा, पाच. काही नाही. मग देरलिस. सुनिल्दाची लांब हाक, आणि मागं, गादीच्या पलीकडून, भिंतीच्या पलीकडून, ओलसर असा एक आवाज. लहान मुलाचा. रडका नव्हता, भ्यालेलाही नव्हता, नुसता बोलावणारा. "सुनी."

मी ते पुन्हा लावलं. पुन्हा तेच होतं. पुढच्या नावालाही होतं. मी हेडफोन काढून अंगणात उन्हात जाऊन उभी राहिले, कारण घरात मला गार वाटत होतं.

दुपारी सुनिल्दाकडे गेले तेव्हा मी हसत हसतच विचारलं. घाबरलं की मी थट्टा करते, ही माझी वाईट खोड. "काय गं, तुला सुनी कोण म्हणतं? कुणी जुना यार लपवून ठेवलायस की काय?"

ती भट्टी झाडत होती. हातातला झाडू तसाच राहिला. चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "मला तसं कुणी म्हणत नाही," ती म्हणाली. "कुठं ऐकलंस?"

मी सांगितलं. तिनं ऐकायला मागितलं नाही. झाडू कोपऱ्यात उभा करून म्हणाली, "चल. शेवटची गोष्ट राहिलीय ना? उरकून टाकू."

शेवटची गोष्ट जासी जातेरेची होती, माझी लाडकी. मी ती लिहिली होती म्हणून म्हणत नाही, पण चांगली होती. पडद्यावर दुपारचं घर, पलंगावर मूल. खिडकीत सोनेरी पोर येतं आणि मुलाला नावानं हाक मारतं. खेळणाऱ्या पोरानं ओ दिली तर शिट्टी वाजून रानात अंधार, काटे, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. पाच मोजेपर्यंत पोर गप्प राहिलं तर सोनेरी पोर निघून जाणार, मूल झोपणार, आई पापा घेणार. पोरांना गप्प राहण्याचा खेळ फार आवडतो, हे मला बालवाडीमुळं ठाऊक.

सुनिल्दानं सुरुवात छान केली. हाकेपर्यंत आली. मग पुढची ओळ होती, "ओ देऊ नकोस, बाळा. डोळे मीट. तो जाईल."

"ओ देऊ नकोस, बाळा," ती म्हणाली. "डोळे मीट." आणि थांबली.

मी कागदावर बोट ठेवून दाखवलं.

तिनं कागद हिसकावून माझ्या मांडीवर टाकला. "हे मी बोलणार नाही."

"अगं, एवढी एकच ओळ."

"तूच बोल. तुझी ओळ आहे. खोटी आहे. तू एकतीस वर्षं पोरांच्या कानात हे ओतलंस, निमिया, आणि माझ्या आईनं माझ्या." एवढं बोलून ती बाहेर गेली आणि तिनं दार असं आपटलं की भिंतीची एक गादी खाली आली.

मला राग आला. मी म्हटलं, आवाज काय दिला, बाई डोक्यावरच बसली. मीही तीन दिवस गेले नाही. यानिनाला कळवलं. ती बिचारी रडकुंडीला आली. शुक्रवारी सगळं पूर्ण करून द्यायचं होतं, नाहीतर शहरातली एक नटी सगळ्या नऊ गोष्टी आणि सगळी नावं पुन्हा बोलणार. "मग न्या सुनिल्दा कुठंच राहणार नाहीत," ती म्हणाली. गुरुवारी दुपारी मी पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर होत होते. त्या नटीनं आराम्मी म्हटलेलं कसं ऐकू येईल याचा विचार करत होते. आणि मग मी उठले. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात, त्या माइकचं निमित्त नसताना, मी पहिल्यांदा दुपारी एक वाजता एकटी घराबाहेर पडले.

लाल माती तापून पावलांना चटके देत होती. ओसरीवर खुर्ची होती, सुनिल्दा नव्हती. मी वाटेनं गेले. ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती, पाण्याकडे बघत.

"आलीस?" ती मागं न बघता म्हणाली. "हाक कुणी मारली?"

"कुणी नाही. माझी मी आले. ऊठ, ऊन लागेल."

"बस."

मी बसले. आणि ती बोलली. तिच्याच शब्दांत सांगते, मला त्यात भर घालता येत नाही.

"मी दहा वर्षांची, क्रिस्पीन पाच. आई आगगाडीवर चिपा विकायला गेलेली. जाताना म्हणाली, त्याला घेऊन नीज, आणि कुणी हाक मारली तर तोंड उघडशील तर खबरदार. मी निजले. तो कधी उठला कळलं नाही. जाग आली ती हाकेनं. सुनी. त्याला सुनिल्दा म्हणता येत नव्हतं. मी हात फिरवला, अंथरूण रिकामं. मला वाटलं, झालं, जासी जातेरेनं त्याला नेलं आणि आता त्याच्या आवाजात मला बोलावतोय. मी चादर ओढली. कानात बोटं घातली, तरी ऐकू येत होतं. मी मोजत होते, निमिया. किती वेळा बोलावतो आणि कधी जातो ते कळावं म्हणून. सात वेळा बोलावलं. सातव्यानंतर थांबला." तिनं पाण्यावरचं एक पान काडीनं बाजूला केलं. "आणि मला बरं वाटलं. गेला म्हणून. मी परत झोपले."

मी तिच्याजवळ सरकले.

"दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. तिथं, त्या बाजूला चिखलात त्याच्या बोटांच्या रेघा होत्या. बाभळीचं मूळ होतं, ते धरून होता तो. ओ दिली असती तर साठ पावलं होती. आईनं विचारलं, तुला काही ऐकू आलं का गं? मी म्हटलं, नाही. आई मेली, तोवर मी नाहीच म्हणत होते."

"तू दहा वर्षांची होतीस, सुनिल्दा."

"तो पाच वर्षांचा होता."

मी तिचा हात धरला. माझी ओळ माझ्याच डोक्यात वाजत होती, डोळे मीट, तो जाईल. एकतीस वर्षं, वर्षाला तीस पोरं. मला माझीच शिसारी आली. त्यातल्या कुणी कधी कुणाची खरी हाक टाळली असेल का, हे मला आता मरेपर्यंत कळणार नाही.

"गोष्ट बदलू," मी म्हणाले.

"जासी जातेरेला काढायचं नाही," ती म्हणाली. "तो आहे. मी पाहिला नाही, पण आहे. त्याला शिट्टी वाजवू दे. हाक मात्र माणसाचीच असते."

आम्ही तिच्या स्वयंपाकघरात गार तेरेरे, म्हणजे आमचा थंड पाल्याचा चहा, एकाच नळीनं ओढत गोष्ट नव्यानं लिहिली. जासी जातेरे खिडकीशी शिट्टी वाजवतो, शिट्टीला ओ द्यायची नाही. मग लांबून एक लहान मूल हाक मारतं. खेळणाऱ्या पोरानं मोठ्यानं ओ द्यायची आणि झोपलेल्या मोठ्या माणसाला बोट लावून उठवायचं. मोठं माणूस उठतं, म्हणतं, "आले रे, आले! हलू नकोस!" आणि जाऊन त्या मुलाला चिखलातून काढतं. मी लिहीत होते, ती सांगत होती. दोन ठिकाणी मी भाषा सुधारायला गेले तर तिनं पेन्सिल हिसकावली.

अडीच वाजले असतील. खोलीत गेलो, गादी परत टेकवली, मी हेडफोन लावले. तिनं हाकेपर्यंतची गोष्ट एका दमात सांगितली. शिट्टी झाली. पुढं मुलाची हाक यायची होती, ती यानिना नंतर एखाद्या पोराकडून घेणार होती. आम्ही फक्त जागा सोडायची. म्हणून मी बोट वर केलं आणि मनात मोजायला लागले. एक. दोन. सुनिल्दानं डोळे मिटले होते. तीन.

ते मला हेडफोनमध्ये ऐकू आलं. तिला हेडफोन नव्हते. तरी आम्ही दोघींनी एकाच क्षणी मान वर केली.

"सुनी."

मी देवाशपथ सांगते. यंत्रावरची हिरवी रेघ त्या आवाजाबरोबर हलली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

"आले रे!" सुनिल्दा ओरडली. बसमधला आवाज नव्हता तो, गोष्टीतलाही नव्हता. चिरका, दहा वर्षांच्या पोरीचा होता. "आले रे, आले! हलू नकोस! मूळ धर, क्रिस्पीन, मूळ सोडू नकोस!" खुर्ची उलटली, माइक पडला. ती दार उघडून धावली, अनवाणी, साठीची बाई, आणि मी तिच्या मागं, गळ्यात हेडफोन, वायर धुळीत ओढत.

साठ पावलं होती. मी मोजली नाहीत, पण ती मोजत होती, मोठ्यानं. काठाशी ती पालथी पडली आणि तिनं हात पाण्यात घातला, खांद्यापर्यंत. मी तिच्या कमरेला मिठी मारली, ती आत जाईल म्हणून. पाणी ढवळलं, पानं सरकली. बाकी काही झालं नाही. कुणी वर आलं नाही. ती तशीच पडून होती, हात आत, गाल चिखलात, आणि हळू आवाजात बोलत होती, "आले ना मी. आले बघ. उशीर झाला, पण आले." मग तिनं हात बाहेर काढला. मूठ मिटलेली होती. उघडली तर त्यात काहीच नव्हतं, चिखलसुद्धा नाही, तळहात धुतल्यासारखा स्वच्छ होता.

मी तिला घरी आणली, तोंड धुतलं, पलंगावर बसवलं. म्हटलं, पाणी आणते. पाणी घेऊन परत आले तर सुनिल्दा झोपली होती, तोंड उघडं टाकून, घोरत.

यानिनाला मी सगळं तसंच पाठवलं. तिनं फोन केला तेव्हा तिचा आवाज बारीक होता. "न्या निमिया, ती शेवटची ओळ न्या सुनिल्दांनी कशी म्हटली हो? ऑफिसात सगळे काम सोडून ऐकायला आलेत." तिनं क्रिस्पीनचं नाव आणि मूळ कापलं, फक्त "आले रे, आले! हलू नकोस!" एवढंच ठेवलं. मुलाची हाक तिच्या भाचीकडून घेतली. आमच्या त्या रिकाम्या जागेत काय होतं, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, काही नाही, पाच मोजेपर्यंत नुसती शांतता. नावांमधलाही तो आवाज गेला होता, तिनं न पुसताच. मी माझ्या यंत्रावर ऐकलं. देरलिस, आणि मग नुसते रातकिडे.

आता गावात निम्म्या पोरांकडे ती गोष्ट आहे. पोरांना बाकीच्या आठ आवडतात, पण ही ती पुन्हा पुन्हा लावतात, कारण झोपलेल्या माणसाला बोट लावून उठवण्यात त्यांना मजा येते. एलादियोला हे बदलणं मुळीच पटलेलं नाही. म्हणतो, तुम्ही दोघी बायका जासी जातेरेला भिकेला लावणार. मी म्हटलं, त्याला शिट्टी ठेवलीय, तुझं तर तेवढंही कुणी ऐकत नाही.

आणि दुपारी बारा वाजले की सुनिल्दा टोपली पालथी घालते, पाय धुते आणि आत जाऊन झोपते. एकावन्न वर्षांची झोप राहिलीय तिची. मागच्या ओसरीवर वेताच्या खुर्चीत मी बसते, वाटेकडे तोंड करून. मला झोप येते, जांभया देते, पण बसते. गावात एक माणूस जागं हवं.

काल समोरची लुसेरो पलंगावरून निसटून आली, बगलेत टॅबलेट. चार वर्षांची आहे. माझ्या पायाशी बसून तिनं गोष्ट लावली, शिट्टीला ओठ घट्ट मिटून घेतले, हाकेला "ओ!" म्हणून ओरडली आणि झोपलेल्या बाईला बोटानं टोचलं. "आले रे, आले! हलू नकोस!" सुनिल्दाचा आवाज ओसरीभर झाला, वाटेनं खड्ड्यापर्यंत गेला. लुसेरो हसली आणि पुन्हा टोचायला बोट उचललं. आतून घोरणं ऐकू येत होतं.

"आवाज कमी कर गं," मी म्हटलं. "ती झोपलीय."